कापसाच्या कोठ्यातली शाळा

पहिली दोन वर्षे मी मुलांना वाचायला शिकवतो आहे अशी माझी समजूत होती. गावाचीही तीच होती, त्यामुळे ती मोडायला कोणी आले नाही.

शाळा भातकुलीच्या रस्त्यावरच्या एका गावात होती. अमरावतीहून सकाळी बैलगाडीत बसले की दुपारी जेवायला तिथे पोचता येई. पाटलांचा माल साठवायचा एक दगडी कोठा रिकामा पडला होता. सरकारने शाळा मंजूर केली तेव्हा पाटलांनी तो दिला, आणि त्याला लागून असलेल्या दोन खोल्या मास्तराला राहायला दिल्या. मंजुरी कायमची नव्हती. तिसऱ्या वर्षी शाळा तपासणारे डिपुटी परीक्षेला येणार, दुसऱ्या पुस्तकातल्या मुलांना कधी न पाहिलेला मजकूर वाचता आला तर शाळा राहणार, नाहीतर ती दुसऱ्या गावाला जाणार, हे मला नेमणुकीच्या वेळीच सांगितले होते.

त्या दोन खोल्यांत माझ्याबरोबर माझी थोरली बहीण राहत असे. आम्ही भावंडे तिला मोठीबाई म्हणत असू. आमची शेती अकोटकडे. ती थोरला भाऊ पाही. मोठीबाई विशीच्या आत विधवा होऊन माहेरी परतली आणि पुढची बारा वर्षे थोरल्या भावाच्या घरी राहिली. तिथे तिला कोणी उपाशी ठेवीत नव्हते, टाकून बोलतही नव्हते. पण घरात तिची अशी एक वस्तू नव्हती. पाण्याचा गडवा कुठे ठेवायचा तेसुद्धा वहिनीला विचारून ठेवावे लागे. मला जागा मिळाली तेव्हा मी तिला घेऊन आलो. पहिल्या दिवशी तिने मिठाचे मडके चुलीच्या उजवीकडे ठेवले आणि सवयीने माझ्याकडे पाहिले.

"अठी ठेवू?"

"तुले वाटलं तिथं ठेव," मी म्हणालो.

तिने ते उचलून डावीकडे ठेवले, आणि थोड्या वेळाने पुन्हा उजवीकडे.

शाळा गेली असती तर मला अमरावतीला कुठे कारकुनी मिळाली असती. मोठीबाईला मात्र परत अकोटकडे जावे लागले असते. दोघांनाही ते ठाऊक होते. आम्ही त्याविषयी बोलत नसू.

मोठीबाई गेल्या मार्गशीर्षात वारली. तिच्याविषयी लिहायला बसलो की शाळाच लिहिली जाते, आणि शाळेविषयी लिहू लागलो की ती येते. म्हणून दोन्ही एकत्रच लिहितो आहे.

माझी शिकवण्याची रीत अशी होती. सकाळी घंटा झाली की मुले रांगांनी बसत. मी एक ओळ म्हणे, सव्वीस मुले ती माझ्यामागून म्हणत. बाराखडी, पाढे, मग पुस्तकातला धडा, सगळे एका आवाजात. पुस्तके सातच होती, पण त्यामुळे काही अडत नसे. कोठ्याच्या भिंती आवाज दुप्पट करून परत देत. रस्त्याने जाणारे गाडीवाले बैल थांबवून ऐकत.

"मास्तर," पाटील एकदा म्हणाले, "तुमची शाळा लागली का आमच्या गोठ्यातली जनावरं कान टवकारतेत."

मला ती स्तुती वाटली. जे मूल आवाजात आवाज मिळवीत नसे त्याला मी छडी मारी, म्हणून सगळीच मुले तोंड उघडीत.

तिसऱ्या वर्षी कापसाचे भाव चढले. विलायतेला जिकडून कापूस जाई त्या मुलखात लढाई जुंपली आहे, असे अमरावतीच्या बाजारातून आलेली माणसे सांगत. ज्यांनी जन्मभर ज्वारी पेरली त्यांनीही त्या साली कापसाची पऱ्हाटी लावली. कार्तिकात पहिला वेचा झाला तेव्हा पाटलांच्या घरात कापूस ठेवायला जागा उरली नाही. ते शाळेच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"मास्तर, अर्धा कोठा देता का?"

"कोठा तुमचाच आहे, पाटील."

"तसं नोका म्हनू. सरकारची शाळा हाये, म्हून इचारून रायलो."

"मुलं कुठे बसवू?"

"अहो, पोट्टेच तं हायेत. कापसाले टेकून बसतीन. फुकटची गादी झाली त्याइले."

दोन दिवसांत अर्धा कोठा छतापर्यंत भरला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे पहिली ओळ म्हटली आणि मुले मागून म्हणाली, पण शाळेचा आवाज आला नाही. कापूस आवाज गिळतो हे मला तोवर माहीत नव्हते. मुलांनी कुचराई केली असे समजून मी दोघातिघांना छड्या दिल्या आणि पुन्हा म्हणायला लावले. मुलांच्या माना ताणल्या गेल्या, आवाज तेवढाच राहिला.

मोठा आवाज नाहीसा झाल्यामुळे त्या दिवशी मला प्रथमच बारीक आवाज ऐकू आले. पाचसहा मुले शब्द आधी म्हणत होती. बाकीची किंचित मागून, शब्दाचे शेपूट धरून येत होती. मी रांगांतून फिरलो. काहींचे फक्त ओठ हलत होते. तेलाच्या घाण्यावाल्याचा मुलगा खणखणीत आवाजाचा, आणि म्हणून माझ्या लेखी शाळेतला पहिला होता. त्याच्यापुढे मी पुस्तक धरले आणि धड्याच्या मध्यावर बोट ठेवले. त्याने पुस्तकाकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहिले.

"पह्यल्यापासून म्हनू का, गुरुजी?"

दुपारपर्यंत मी सगळ्यांपुढे पुस्तक धरून पाहिले. सव्वीसांपैकी पाचांना वाचता येत होते. त्यांतला एक कुलकर्ण्यांचा मुलगा. त्याला बापाने घरी शिकवले होते. डिपुटी फाल्गुनात यायचे होते.

जेवताना मी मोठीबाईला हे सांगितले.

"बाकीचे पोट्टे मंग काय करतेत?" तिने विचारले.

"ऐकून म्हणतात."

"अन् तू दोन वर्सं काय करून रायला होता?"

मी हातातला घास ताटात ठेवला. तिने माझ्या भाकरीवर आणखी वरण घातले. "खाय आता. तू उपाशी रायल्यानं थोडीच वाचतीन ते?"

त्यानंतर मी जे केले ते आधीपेक्षाही चुकीचे होते. रोज एकेका मुलाला उभे करून वाचायला लावायचे आणि अडला तिथे छडी, असे मी सुरू केले. चुका मोजायची मला घाई झाली होती. पुस्तकात 'मला' छापलेले असे आणि मूल 'मले' वाची, तर तीही चूक. ज्या मुलाने 'मला' पाहून 'मले' म्हटले त्याला शब्द कळला आहे, एवढी साधी गोष्ट मला सुचायला आणखी वर्ष लागले.

मुले येईनाशी झाली. त्यांना सबबही चांगली होती. वेचायला हात कमी पडत होते आणि लहान मुलालाही वावरात कोणी नको म्हणत नव्हते. कापूस सकाळच्या दवात वेचावा लागतो. ऊन चढले की वाळलेल्या पानांचा चुरा होतो आणि तो कापसाला चिकटतो. मुले वेचून परत येत तोवर शाळा लागून बराच वेळ झालेला असे, आणि मी घंटेनंतर दार लावून घेत असे. आठवड्याभरात नऊ मुले उरली.

मोठीबाईही वेचणीला जाऊ लागली होती. मास्तराची बहीण दुसऱ्याच्या वावरात कामाला जाते हे मला आवडत नव्हते आणि मी तसे तिला म्हणालो होतो.

"माह्या हाताले सवय हाये," ती म्हणाली. "घरी बसून काय तुहे पाढे ऐकू? अन् बायाबी चांगल्या हायेत. इतक्या वर्सांनी कोनी मले नावानं हाक मारून रायलं."

एके दिवशी सकाळी शाळेत चारच मुले आली. मी त्यांना पाढे लिहायला देऊन छडीसकट वावरात गेलो. मुले मला लांबूनच पाहून पऱ्हाटीत बसली. बायकांना हसू आवरेना.

"आला गं बाई, सरकारचा शिपाई आला!"

"मास्तर, छडी आनली तं ओटी काहून नाई बांधून आले? धरा एक पात!"

"त्याइले नोका देऊ गं, बोंडाले मारत बसतीन."

मोठीबाईने मान वर केली नाही. हात चालवता चालवताच ती म्हणाली, "भाऊ, बोंड काय तुह्या घंटीनं उमलते?"

पऱ्हाटीत शिरून मुलांचा पाठलाग करणे मला शोभले नसते. तसाच परत जाणेही लाजिरवाणे होते. मी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभा राहिलो, आणि उभा होतो म्हणून पाहू लागलो. हे काम मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण शाळेत घातल्यापासून त्याकडे लक्ष दिले नव्हते.

प्रत्येक बाई एक ओळ घेते. तिला पात म्हणतात. सगळ्या एका धुऱ्यापासून निघतात आणि जिच्या तिच्या हाताप्रमाणे मागेपुढे होतात. त्यांत एक नवी सून होती, बरीच मागे राहिलेली. मोठीबाईची पात सर्वांत आधी संपली. ती समोरच्या धुऱ्यावर पोचली, घोटभर पाणी प्याली आणि त्या सुनेच्या पातीला पलीकडच्या टोकाकडून लागली. ती तिकडून येत होती, सून इकडून जात होती. मध्ये कुठेतरी दोघी समोरासमोर आल्या आणि पात संपली. सगळ्या बायका एकदमच दुसऱ्या पातींना लागल्या.

त्या पाणी प्यायला थांबल्या तेव्हा मी मोठीबाईला विचारले, "तिच्या शेजारी उभं राहून काहून नाही वेचलं? दोघींचं लवकर झालं असतं."

"शेजारी उभं रायलं तं मी तिच्या हातापुढचं बोंड तोडतो," ती म्हणाली. वऱ्हाडात पुष्कळ बायका स्वतःविषयी असेच बोलतात. "मंग तिचा हात आखडते. दोनदा तोडलं का ती नुसती उभी रायते, अन् मीच वेचतो. अन् मी धुऱ्यावर बसून घेतलं तं तिले वाटते, आता काय, रायलंच आपलं. म्हून दुसऱ्या टोकाकून लागाचं. तिची पात तिच्याच जवळ रायते, फक्त लहान होते."

मी शाळेत परत आलो. त्या दिवशी कोणाला छडी मारली नाही, पण त्यात काही विचार नव्हता. छडी मी धुऱ्यावर विसरून आलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी ती रीत शाळेत आणून पाहिली, आणि पहिले पंधरा दिवस नुसता गोंधळ झाला. वाचता येणाऱ्या मुलाला मी न येणाऱ्याशेजारी बसवले आणि दोघांत एक पुस्तक दिले. येणारा मुलगा खालच्या ओळीपासून वर आणि दुसरा वरून खाली वाचत येई, पण दुसरा अडला की पहिल्याला राहवत नसे. तो शब्द सांगून मोकळा होई. मी जे दोन वर्षे करत होतो तेच आता पाच मुले करू लागली. मग मी एक नियम केला. ज्या ओळीवर ज्याचे बोट, ती ओळ त्याची. दुसऱ्याने तिथे तोंड उघडायचे नाही. मदत करायची तर आपल्या टोकाकडची ओळ वाचायची आणि तिथे काय लिहिले आहे ते सांगायचे. वाघाच्या धड्यात शेवटी वाघ खड्ड्यात पडतो हे कळल्यावर पहिल्या टोकाकडून येणाऱ्याला खड्डा हा शब्द ओळखायला जड जाईना. दोघांची बोटे एका ओळीवर आली की अडणाऱ्या मुलाने सगळा धडा वरपासून एकट्याने वाचायचा आणि दुसऱ्याने गप्प बसायचे. गप्प बसणे हे सगळ्यांत कठीण निघाले. मलाही.

शाळेची वेळ मी बदलली. वेचणारी मुले परत येत तेव्हा घंटा देऊ लागलो, आणि हजेरीपुस्तकात खरी वेळ लिहू लागलो. सरकारी नियम सकाळचा होता.

"साहेब इचारीन तुले," मोठीबाई म्हणाली.

"विचारील."

"शाळा जाईन त्याच्यापायी?"

"त्याच्यापायी एकट्यानं नाही जाणार. पण मुलं नसली तर नक्की जाईल."

तिने मळलेल्या पिठाचा गोळा परातीत आपटला. "मंग लिही खरंच," ती म्हणाली.

गावाला नवी शाळा आवडली नाही. आता सगळी मुले वेगवेगळ्या ओळी वेगवेगळ्या आवाजात वाचत. कोण हसे, कोण भांडे. पाटील दारातून डोकावून म्हणाले, "मास्तर, पहिले शाळा वाटे. आता आठवडी बाजार वाटून रायला." कुलकर्णी तर माझ्या ओट्यावर येऊन बसले. त्यांचा मुलगा मी घाण्यावाल्याच्या मुलाबरोबर बसवला होता.

"मास्तर, मी मुलगा शिकायला पाठवतो, शिकवायला नव्हे. शिकवायचा पगार तुम्ही घेता."

"तो शिकतोच आहे."

"काय शिकतो? परवा घरी मला म्हणाला, बाबा, तुम्ही माझ्या ओळीत बोलू नका. बापाला!"

आत मोठीबाई भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला. ती हसू दाबते आहे हे मला कळले, कुलकर्ण्यांनाही कळले असावे. ते उठले. "डिपुटी येतील तेव्हा मी हजर राहीन," असे म्हणून गेले.

माघ संपता संपता घाण्यावाल्याचा मुलगा दुसरे पुस्तक अडखळत पण आपले आपण वाचू लागला. त्याच्यासारखे आणखी दहा-अकरा झाले. बाकीचे अजून मागे होते. रोज संध्याकाळी मोठीबाई एकच प्रश्न विचारी, "किती झाले?" आणि मी आकडा सांगितला की ती मान हलवून कामाला लागे.

फाल्गुनात डिपुटी आले. पुण्याकडचे गृहस्थ होते, वयस्कर, खोकला झालेले. त्यांचे जेवण आमच्याकडे होते, म्हणून मोठीबाई पहाटेपासून चुलीशी होती. शाळा आणि आमचे स्वयंपाकघर यांत एकच भिंत होती आणि वरती धूर जायला झरोका होता. पाटील आणि कुलकर्णी कोठ्यात कापसाला टेकून उभे होते. भाव आणखी चढेल म्हणून पाटलांनी माल अजून विकला नव्हता.

डिपुटींनी प्रथम हजेरीपुस्तक पाहिले. "ही वेळ काय लिहिली आहे?"

"मुले वेचणीहून येतात तेव्हाची, साहेब."

"नियम ठाऊक आहे ना?"

"आहे."

त्यांनी काहीतरी टिपून घेतले आणि मुलांना बाराखडी एकसाथ म्हणायला सांगितली. तीन महिन्यांत आम्ही एकसाथ काही म्हटले नव्हते. कोणी पुढे गेले, कोणी मागे. कुलकर्ण्यांनी माझ्याकडे पाहिले. डिपुटींनी पुन्हा टिपून घेतले.

मग त्यांनी आपल्या पिशवीतून एक छापील कागद काढला. बाजारातल्या कापसाविषयी सरकारी जाहिरात होती, आठदहा ओळींची. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली आणि घाण्यावाल्याच्या मुलाला उभे केले.

मुलाने कागदावर बोट ठेवले. पहिल्या दोन ओळी त्याने सावकाश वाचल्या. तिसऱ्या ओळीत तो अडला. भिंतीपलीकडे पळी ठेवल्याचा आवाजही आला नाही. परीक्षेत मला बोलायची मुभा नव्हती. तेवढ्यात कुलकर्ण्यांचा मुलगा जागचा उठला, डिपुटींच्या हातापाशी आला आणि मान वाकडी करून शेवटची ओळ वाचू लागला.

"ए! तुला कोणी विचारले?" डिपुटी म्हणाले.

"त्याची पात रायली, साहेब," तो म्हणाला.

मी डोळे मिटले. आता शाळा गेली असे मला वाटले.

डिपुटींना काय वाटले कोण जाणे, त्यांनी कागद मागे घेतला नाही. कुलकर्ण्यांच्या मुलाने शेवटची ओळ वाचली आणि सांगितले, "अठी लिहिलं हाये, का असा कापूस बाजारातून वापस करतीन." मग तो तोंड मिटून उभा राहिला. घाण्यावाल्याचा मुलगा तिसऱ्या ओळीवर परत गेला. "पाणी मारून... ओला केलेला कापूस," त्याने वाचले. मग चौथी, मग पाचवी. सगळी जाहिरात त्याने संपवली. संपल्यावर त्याचे तोंड एकदम उजळले आणि तो मागच्या ढिगाकडे बोट करून म्हणाला, "म्हंजे लोक वजनासाठी पानी मारतेत ते!"

मुले हसली. पाटील छताकडे पाहू लागले. "आमचा कोरडा हाये, साहेब," ते म्हणाले. "हात लावून पाहा."

डिपुटींनी आणखी सहा मुलांकडून वाचून घेतले. चौघांनी धड वाचले, दोघे अडून बसले. या वेळी कोणी उठले नाही. मी डोळ्यांनी तशी ताकीद दिली होती. शेवटी ते मला म्हणाले, "दुसऱ्या टोकाकडून वाचण्याची ही रीत कोणत्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही, साहेब."

"मग कुठून शिकलात?"

त्या प्रश्नाचे उत्तर भिंतीपलीकडे भाकरी करत होते. पण माझी बहीण लोकांच्या वावरात वेचणीला जाते, हे मला त्या माणसासमोर आणि कुलकर्ण्यांसमोर म्हणवेना.

"अनुभवाने," मी म्हणालो.

डिपुटी जेवून संध्याकाळच्या आत निघून गेले. निकाल सांगितला नाही. त्यांची गाडी दिसेनाशी झाल्यावर मी आत गेलो. मोठीबाई उष्टी काढत होती.

"हा अनुभव कोन्या गावचा रे?" तिने विचारले. "आपल्या नात्यातला तं दिसत नाई."

मी खाली बसलो. माफी मागावी असे मनात होते, पण आमच्या घरात तशी पद्धत नव्हती. तिने माझ्यापुढे ताट ठेवले. "ते जाऊ दे," ती म्हणाली. "शाळा रायते का जाते?"

"माहीत नाही."

पंधरा दिवसांनी कागद आला. तो मी तिला वाचून दाखवला. शाळा कायम केली होती. वेळ बदलल्याबद्दल मला ताकीद होती. आणि शेवटी असे होते, की अकोल्यास नव्या मास्तरांना शिकवण्याचे काम दाखवायला माणूस हवा आहे, तरी मी चैत्रात तिकडे रुजू व्हावे.

ती निवडायला घेतलेल्या तुरीत बोटे फिरवत होती. "म्हंजे शाळा रायली."

"राहिली."

"अन् या खोल्या?"

"खोल्या शाळेच्या आहेत. नवा मास्तर येईल तो राहील."

"त्याची बायको येईन मंग."

"येईल."

तिने तुरीतला एक खडा काढून बाजूला टाकला. "अकोल्याले तुले खोली देतीन का?"

"भाड्यानं घेऊ. तू बरोबर आहेस असंच मी लिहिणार आहे."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि नव्या बाईला हे उखळ चालेल का, की कुणाला देऊन टाकावे, हे विचारू लागली.

निघालो त्या सकाळी वेचणीच्या बायका गाडीपाशी आल्या होत्या. त्या रडल्या नाहीत. उशीर झाला म्हणून गाडीवाल्यावर ओरडल्या. त्या नव्या सुनेने मोठीबाईच्या हातात चोळीच्या खणात बांधलेली सरकी दिली. अकोल्याला अंगण असेल तर लाव म्हणाली.

अकोल्याला अंगण नव्हते. दाट वस्तीत दोन खोल्या होत्या, खाली दुकान. पहिल्याच दिवशी तिथल्या बारा मास्तरांपैकी एकाने मला डिपुटींचाच प्रश्न विचारला. या वेळी मी सांगितले: माझ्या बहिणीकडून, कापसाच्या वेचणीत. ते हसले. एक जण म्हणाला, "म्हणजे आता आम्ही लुगडी नेसायची का?" बाकीचे आणखी हसले. मी फळ्यावर धडा लिहिला आणि काम सुरू केले. संध्याकाळी हे मोठीबाईला सांगितले.

"हासले?"

"पुष्कळ हसले."

"मंग ध्यानात राहीन त्याइच्या," ती म्हणाली.

पुढे लढाई थांबली, भाव कोसळले, अकोल्याच्या बाजारात गाड्या दिवसेंदिवस उभ्या राहू लागल्या. माझी नोकरी चालू राहिली. मोठीबाई त्या दोन खोल्यांत अखेरपर्यंत राहिली. अकोटला ती लग्नकार्यालाच गेली, पाहुणी म्हणून, आणि पाहुणी म्हणूनच परत आली. वहिनी तिला पाटावर बसवून वाढीत असे, हे तिने मला दोनदा सांगितले.

वावरात ती पुन्हा कधी गेली नाही. वेचणीच्या दिवसांत पहाटे उठून बसे आणि काही काम नसले तरी पुन्हा झोपत नसे. एकदा मी तिला म्हणालो, बाहेर ओळखीच्या कुणाच्या वावरात जाऊन येऊ. ती म्हणाली, त्या बाया कुठे आहेत तिथे. मी तिला वाचायला शिकवले नाही. तिने म्हटले नाही, मी विचारले नाही. दिवसभर मास्तरांना शिकवून आल्यावर मला घरी ते सुचत नसे. हे मी कारण म्हणून लिहीत नाही, असे झाले म्हणून लिहितो.

तिला स्वतःची चूल हवी होती. ती तिला मिळाली. ती राखण्यासाठी ज्या वावरात तिला नावाने हाक मारीत ते सुटले. तेव्हा मला ही अदलाबदल दिसली नव्हती. तिला दिसली असावी, कारण निघताना गाडी वळेपर्यंत ती मागे तोंड करून बसली होती, आणि रस्त्याला लागल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "चाल, आता अकोल्याची खोली किती मोठी हाये ते सांग."